गवती पिवळा ते गर्द निळा

स्टेनलेस स्टीलचे दोन पाइप जोडले, जोड थंड झाला, आणि अजून त्यावर ना पॉलिशचा बफ फिरला आहे ना रंग काढायची पेस्ट लागली आहे, अशा वेळी तो दारापाशी उजेडात नेऊन पाहावा. मधोमध जोडाची खवल्याखवल्यांची रेघ असते, करडी आणि मंद. तिच्या दोन्ही अंगांना लागून गर्द निळा पट्टा. निळ्याचा पुढे जांभळा होतो, जांभळ्याचा तपकिरी, तपकिरीचा सोनेरी, सोनेरीचा वाळल्या गवताचा फिका पिवळा. मग तो पिवळाही इतका विरळ होत जातो, की तो संपला कुठे आणि नुसते पोलाद सुरू झाले कुठे, हे बोट ठेवून सांगता येत नाही. या सगळ्याची रुंदी बोटभरही नसते. तेवढ्या जागेत सहाशे अंशांपासून तीनशे अंशांच्या खालपर्यंतचा सगळा उतार उतरलेला असतो.

मला तो नकाशा वाटतो. सह्याद्रीच्या नकाशावर समोच्चरेषा जशा डोंगराची उंची सांगतात, तशी इथली एकेक छटा एकेका तापमानाची रेषा सांगते. जिथे पट्टे दाटीवाटीने बसले आहेत तिथे उष्णतेचा कडा आहे, जिथे ते ऐसपैस पसरले आहेत तिथे पठार आहे. हा नकाशा कुणी काढलेला नाही. वेल्डरने आपले काम केले आणि तो पुढच्या जोडाकडे गेला. रेषा उमटल्या त्या उष्णतेने, हवेने आणि उजेडाने. निसर्ग पाहायला आपण घाटमाथ्यावर जातो, अभयारण्यात जातो, पहाटे उठून पाणवठ्यावर बसतो. जरूर जावे. पण एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, ग्राइंडरच्या आवाजात, तेलकट फरशीवर पडलेल्या पाइपाच्या तुकड्यावरही तोच निसर्ग तितक्याच निष्ठेने आपले नियम पाळत असतो, आणि तिथे त्याच्यापुढे उभे राहताना माझे मन तितकेच नमते.

या रंगावरून बोट फिरवले तर बोटाला काही लागत नाही. नखाने खरवडला तर निघत नाही. खरे म्हणजे तो कोणत्याच द्रव्याचा रंग नाही. पोलादावर चढलेला थर मुख्यतः क्रोमियमच्या आणि लोहाच्या ऑक्साइडचा. क्रोमियम ऑक्साइडची पूड हातावर घेतली तर ती हिरवी असते; चित्रकाराच्या पेटीतला एक पक्का हिरवा तिच्यापासूनच बनतो. लोहाचे ऑक्साइड तांबडे नाहीतर काळे. माणकाला लाल आणि पाचूला हिरवा रंग देणारेही क्रोमियमच. आणि जोडावर पाहावे तर हिरवा औषधालाही नाही! तिथला पिवळा, जांभळा आणि निळा येतो तो थराच्या जाडीतून.

उजेड त्या थरावर पडतो तेव्हा त्याचा काही भाग वरच्या पृष्ठावरूनच माघारी फिरतो. उरलेला थरात शिरतो, खालच्या धातूवर आपटतो आणि मग परततो. दोघे मिळून आपल्या डोळ्यांत येतात, पण दुसऱ्याने थोडी जास्त वाट चाललेली असते. किती जास्त, ते थराच्या जाडीवर ठरते. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की ती लाट विझते. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. थर अशा चाळीसेक नॅनोमीटरच्या घरात आला की सगळ्यांत आखूड लाटा, म्हणजे जांभळ्या-निळ्या, विझू लागतात आणि परतलेल्या उजेडात पिवळा उरतो. थर आणखी जाड झाला की विझण्याची पाळी हिरव्यावर येते. उरतो तांबूस जांभळा. त्याहून जाड झाला की पिवळा आणि लाल विझतात, उरतो निळा. पिवळा दिसतो तेव्हा निळा गेलेला असतो आणि निळा दिसतो तेव्हा पिवळा. तापत जाणाऱ्या पोलादावर ही पहिली फेरी नेहमी याच क्रमाने होते, शेफील्डमध्ये असो की भोसरीत.

पारव्याची मान उन्हात वळते आणि हिरवी होती ती जांभळी दिसते, तेव्हा तिच्या पिसांवरच्या केराटिनच्या पातळ सालीत हेच चाललेले असते. चतुराचा पंख आरपार दिसण्याइतका निरंग असतो, पण तिरप्या उन्हात त्यावरून रंग सरकून जातात. पहिल्या पावसात ओल्या डांबरी रस्त्यावर पडलेला तेलाचा थेंब पसरतो आणि त्याच्या भोवती कडी उमटतात, तीही याच कुळातली. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात अभ्रकाच्या पापुद्र्यांचे रंग निरखताना त्याच ओघात तापवलेल्या पोलादावरचे रंगही घेतले. दोन्हींचे मूळ पातळ थरात आहे हे त्या माणसाला साडेतीनशे वर्षांपूर्वी दिसले होते. न्यूटनने १७०४ मध्ये ‘ऑप्टिक्स’मध्ये अशा थरांची जाडी मोजली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी थॉमस यंगने लाटांच्या भाषेत त्याचा उलगडा केला. आपल्याकडे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना पिसांच्या, शिंपल्यांच्या आणि खनिजांच्या अशा रंगांचे जन्मभर वेड होते. १९३४ मध्ये त्यांनी नीलकंठाच्या पिसांवर निबंध लिहिला. नीलकंठाच्या निळ्याची घडण जोडावरच्या निळ्यापेक्षा वेगळी आहे. तरी रंगद्रव्याचा कणही न वापरता नुसत्या रचनेतून निळा उभा करण्याची किमया दोन्हीकडे आहे.

मला अधिक भुरळ घालतो तो मात्र थर स्वतः. स्टेनलेस स्टील थंड असते तेव्हाही उघडे नसते. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की हवा लागताक्षणी ते क्रोमियम हवेतला प्राणवायू धरते आणि पृष्ठावर दोनतीन नॅनोमीटरची साय धरते. इतक्या पातळ थरात कोणतीच लाट विझत नाही, म्हणून तो दिसत नाही. चमच्यावर ओरखडा काढा, ओरखड्याच्या तळाशी तो पुन्हा धरलेला असतो. आपल्या घरातली ताटेवाट्या, दुधाची किटली, पिण्याच्या पाण्याची टाकी, सगळी या न दिसणाऱ्या सायीच्या भरवशावर गंजाविना उभी आहेत. हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्डला न गंजणारे पोलाद ओतले तेव्हा हे पांघरूण त्यांनी विणले नाही; क्रोमियम घातले आणि पांघरण्याचे काम निसर्गावर सोपवले. आज तो सोपवलेला भार किती घरांत, किती इस्पितळांत वाहिला जातो आहे!

आणि पांघरायला प्राणवायू लागतो. आपल्या हवेत तो एकवीस टक्के आहे म्हणून तो असणारच असे आपण धरून चालतो. पृथ्वीच्या पहिल्या काळात हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हताच. उथळ समुद्रांतल्या निळ्या-हिरव्या सूक्ष्म जिवांनी उन्हावर जगताना तो बाहेर टाकायला सुरुवात केली. समुद्राच्या पाण्यात तेव्हा लोह विरघळलेले होते. प्राणवायू आधी त्या लोहाला जाऊन मिळाला आणि गंजाचे थरावर थर तळाशी बसत राहिले. गोव्याचे लोहखनिज अशाच प्राचीन पट्टेदार लोहखडकांतून आले आहे. लोहाची तहान भागल्यावर, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, प्राणवायू हवेत साठू लागला. तेव्हापासून आजवर हिरव्या जिवांनी तो भरत ठेवला आहे. म्हणून शेडमधल्या त्या जोडावरची निळाई पाहताना मला रानाची आठवण येते, आणि ती उगाच येत नाही. झाडे, शेवाळे आणि समुद्रातले तरंगते जीव यांनी सोडलेला श्वास त्या पोलादाने तापल्या क्षणी घेतला, त्याचाच हा रंग झाला. क्रोमियमही जमिनीचेच, भारतातले बहुतेक क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून निघते, आणि थोडेसे आपल्या सिंधुदुर्गात कणकवलीच्या परिसरातही सापडते. चंद्रावर, जिथे हवा नाही, तिथे हाच जोड मारला तर तो लखलखीत पांढरा राहील. रंग यायला जिती पृथ्वी लागते.

पोलाद तापले की साय जाड होऊ लागते. घरच्या भांड्यांत आणि कारखान्यांत सर्वाधिक चालणारे पोलाद ३०४ जातीचे, त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. हवेत तापवलेल्या ३०४ साठी अभियंते जो तक्ता वापरतात तो असा वाचायचा : फिका पिवळा दिसला तर पोलाद सुमारे २९० अंश सेल्सिअसपर्यंत पोचले होते, गवती पिवळ्याला ३४०, गडद पिवळ्याला ३७०, तपकिरीला ३९०, जांभळट तपकिरीला ४२०, गर्द जांभळ्याला ४५०, निळ्याला ५४० आणि गर्द निळ्याला ६००. त्याच्या वर थर इतका जाड आणि खरबरीत होतो की लाटांचा मेळ मोडतो आणि उरते नुसती राखाडी-काळी खपली. या आकड्यांकडे जरा निवांत पाहावे. गवती पिवळ्यापासून गर्द जांभळ्यापर्यंत पाच छटा अवघ्या ११० अंशांत उरकल्या आहेत, आणि जांभळ्यापासून निळ्यापर्यंतच्या एका पावलाला ९० अंश लागले आहेत. म्हणजे तपकिरीच्या आसपास रंग आपल्याला बारकाईने उत्तर देतो आणि निळ्यात पोचला की ठोकळमानाने. ज्याला अंदाज बांधायचा आहे त्याने नजर तपकिरीवर ठेवावी.

साध्या पोलादाचा हिशेब वेगळा. लोहाराने छिन्नी लालबुंद करून तिला पाणी पाजले की ती कडक होते, पण ठिसूळही. तिचा ताठा थोडा उतरवायला तो टोक घासून उजळ करतो आणि मागच्या अंगात उरलेली धग हळूहळू टोकाकडे येऊ देतो. उजळ केलेल्या जागेवरून रंग चालत येतात : आधी गवती, मग तपकिरी, मग जांभळा, मागून निळा. हवा तो रंग टोकाशी आला की छिन्नी पुन्हा पाण्यात. त्या साध्या पोलादावर गवती पिवळा सुमारे २३० अंशांना येतो आणि निळा ३०० च्या आसपास. स्टेनलेसवरचा निळा त्याहून दोनशेचाळीस अंश वर. क्रोमियमचा थर इतका घट्ट असतो की प्राणवायूला आत यायला आणि धातूला बाहेर यायला वाट मिळत नाही. तो सावकाश वाढतो, म्हणून तोच रंग यायला कितीतरी जास्त उष्णता लागते. लोहाराचा तक्ता स्टेनलेसच्या भांड्याला लावला तर अंदाज शेकडो अंशांनी चुकेल. पोलाद कोणते, हे आधी विचारावे, रंग त्यानंतर.

तापल्या धातूचे आणखी एक रंगरूप असते, अंगारासारखे लाल. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवले की घन पदार्थ सुमारे ५२५ अंशांना अंधारात मंद लाल दिसू लागतात, मग तो धातू असो की दगड. तो लाल उजेड पदार्थ स्वतः देतो आणि थंड झाला की तो लाल विझतो, मागे काही ठेवत नाही. जोडावरचे रंग मात्र थंड झाल्यावरच नीट दिसतात आणि वर्षानुवर्षे राहतात. किती तापले होते हे विचारायला आपण उशिरा पोचलो, यंत्र बंद पडून आठवडा झाला, आग विझून माणसे घरी गेली, तरी पोलाद ते सांगायला तिथेच असते.

दूध डेअऱ्यांच्या पाइपलाइनी बांधणाऱ्या एका शेडमध्ये एक वयस्क वेल्डर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. तापल्या जोडाला हवा लागू नये म्हणून आर्गॉन वायूच्या झोतात वेल्डिंग करतात; आपल्याकडे शेडमध्ये या कामाला नुसते ‘आर्गॉन’ म्हणतात. बाहेरून तर आर्गॉन असतोच, पण पाइपाच्या आतही आधी आर्गॉन सोडून हवा हुसकून लावायची असते. मी विचारले, “मामा, आतून गॅस किती वेळ सोडता?”

“हवा पुरती निघेस्तोवर. घाई केली की आतनं निळं होतं.” त्यांनी हाताखालच्या पोराने नुकताच मारलेला जोड उचलला, एका तोंडाला बॅटरी लावली आणि दुसरे तोंड माझ्या डोळ्यांसमोर धरले. आत जोडाच्या कडेने गवती पिवळ्याची अगदी फिकी कड होती, बाकी सगळे पांढरे. “हे चालतं. निळा दिसला असता तर कापून परत मारला असता. दुधाची लाइन आहे, साहेब.”

मग त्यांनी पाइप फिरवून बाहेरची बाजू दाखवली. सगळीकडे सारख्या रुंदीचा पट्टा एका ठिकाणी किंचित फुगला होता. तिथे निळाही जरा पुढे आला होता. “इथं पोराचा हात थांबला,” मामा म्हणाले. “इथं पाय बदलला असंल.” थोडे पुढे पिवळ्यात एक गडद डाग होता, त्यात बोटाच्या रेषा स्पष्ट. कुणीतरी तेलकट बोट लावले होते, आणि उष्णतेने ते तिथे उठवले होते. इतका वेळ मी पट्टे पाहत होतो. मामांनी त्यात एका पोराचा पायबदल वाचला. डोंगर वाचणारा गुराखी, पाणी वाचणारा कोळी आणि धातू वाचणारा हा वेल्डर यांच्या नजरेत मला फरक दिसत नाही. तिघेही निसर्गाने ठेवलेल्या खुणांशी इमान राखून बोलतात.

मामांचे डोळे जे करत होते ते अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने नमुन्यांच्या चित्रात मांडले आहे : आतल्या आर्गॉनमध्ये प्राणवायूचे दशलक्षात १० भाग राहू दिले तर जोड कसा दिसतो, तिथपासून २५,००० भाग राहिले तर कसा, असे दहा जोड ओळीने. पहिला जवळजवळ पांढरा, शेवटचा काळवंडलेला. उष्णता दहाही जोडांना सारखीच, बदलली ती फक्त हवा. आणि इथेच रंगावरून तापमान सांगणाऱ्याने थबकावे. कमी प्राणवायूत तापलेले पोलाद आपले तापणे लपवते. उलट, वर्षानुवर्षे मध्यम उष्णतेत राहिलेला पाइप कधीच न गाठलेल्या तापमानाचा रंग धारण करतो. गुस्टाव टामान यांनी १९२० मध्ये अशा थरांच्या रंगांवरूनच त्यांच्या वाढीचा नियम शोधला : थर जसा जाड होतो तसा तोच पुढच्या वाढीच्या वाटेत आडवा येतो, म्हणून जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. काळाचा हात आखूड आहे, उष्णतेचा लांब. थोडे अंश चढले की वाढीचा वेग पटींनी चढतो. तरी काळ हिशेबातून सुटत नाही. शिवाय आरशासारख्या पॉलिशवर आणि घासलेल्या पत्र्यावर एकच थर वेगळा भासतो. ३१६ जातीचे पोलाद ३०४ पेक्षा थोडे निराळे वागते. ट्यूबलाइटखाली सोनेरी दिसलेला पट्टा उन्हात तपकिरी निघतो. माझे मत असे, की एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ‘चारशेच्या आसपास, पाचशेच्या वर नक्की नाही’ एवढे बोलणारा माणूस पोलादाचे नीट ऐकतो आहे असे समजावे.

हे सगळे पाहायला कारखान्याचे दार ठोठावायची गरज नाही. गॅसवर ठेवलेले स्टीलचे पातेले विसरून पाणी आटले, की तोच नकाशा घरात उमटतो. पाणी आहे तोवर पातेल्याचे बूड शंभराच्या फारसे वर जात नाही. खाली ज्योत कितीही प्रखर असो, पाणी वाफ होऊन आलेली उष्णता घेऊन जाते. पाण्याचे हे राखणदारपण किती मोठे आहे ते पाणी संपल्यावर कळते. शेवटचा थेंब उडाला की मिनिटांत तीनशे अंश ओलांडले जातात. पातेले थंड होऊ द्यावे आणि खिडकीशी नेऊन आत पाहावे : बर्नरची भोके गोलात असतात, म्हणून सर्वांत गडद रंग बहुधा मध्यभागी नसतो, तो एका कड्यात असतो. कडे निळे किंवा जांभळे, त्याच्या आत आणि बाहेर तपकिरी, मग सोनेरी, मग पिवळा, आणि काठाकडे चढणारी बाजू कोरी. जिथे तळाला पोचा आहे तिथे कडे वाकडे होते. जिथे भात चिकटला होता तिथे त्याचा कोरा ठसा राहतो. फोडणीचे तेल धूर सोडू लागते त्या तापमानालाही, थोड्या वेळात, स्टीलवर रंग धरत नाही. तेव्हा पातेल्यात जांभळा दिसला तर ते कोरडेच तापले, एवढे खात्रीने म्हणता येते.

या सौंदर्याची किंमत पोलाद मोजते. जाड थर बांधायला क्रोमियम लागते ते खालच्याच पोलादातून ओढले जाते. थर वाढतो, आणि त्याच्या लगत खाली क्रोमियमने दरिद्री झालेली एक पट्टी राहते. वर रंगाचे वैभव, खाली नादारी. कोरड्या घरात ते कळत नाही. कोकणात, समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात मात्र लगेच कळते. किनाऱ्यावरच्या बंगल्याचे स्टीलचे कठडे पाहा. मधला पाइप चकचकीत असतो आणि तांबूस ओघळ येतात ते जोडांच्या दोन्ही बाजूंनी, जिथे एके काळी निळे-जांभळे पट्टे होते आणि ते कुणी नीट काढले नाहीत तिथे. म्हणून जाणते कारागीर जोडावर नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची पिकलिंग पेस्ट लावतात. ती थरही खाते आणि खालची दरिद्री पट्टीही, मग सकस पोलाद हवेत येते आणि नवी साय आपोआप धरते. ही पेस्ट माणसाच्या हाडापर्यंत जाऊ शकते. रबरी हातमोजे आणि चष्मा यांवाचून तिच्या डब्याला हात लावू नये, आणि घरी तर ती आणूच नये. ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात पोलाद रेंगाळले तर आणखी एक दुखणे जडते : आतला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो आणि सीमा उघड्या पडतात. ते दुखणे वरून दिसत नाही. निळा रंग तेवढी सूचना देतो, की पोलाद त्या मुलखात जाऊन आले आहे. ३०४ एल जातीत कार्बन ०.०३ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, ते याचसाठी.

मोटारसायकलीच्या इंजिनाला लागून असलेला सायलेन्सरचा बेंड, भट्टीच्या दाराची बिजागरी, पाण्याची पातळी खाली गेल्यावर कोरडा तापलेला हीटर, आगीतून निघालेली कपाटाची कडी : एकदा नजर बसली की हे पट्टे सगळीकडे भेटतात. कोरड्या तापलेल्या टाकीत तर पाणी कुठवर होते तेही कळते, कारण पाण्याच्या रेषेशी रंग सुरीने कापल्यासारखा थांबतो. पाण्याने जेवढे राखले तेवढे कोरे राहते. ती रेषा मी पाहिली आहे आणि तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो आहे.

पातेले कोरडे तापलेच, तर लगेच घासणी उचलू नका. गॅस बंद करा, त्यात एकदम गार पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या. मग ते उन्हात तिरपे धरा, पिवळा कुठे सुरू झाला आणि सर्वांत गडद छटा कोणती ते घरातल्या मुलांना दाखवा. त्यानंतर लिंबू किंवा व्हिनेगर लावून घासा. फिका थर त्याने निघतो, आणि राहिलाच तरी त्या भांड्यात खुशाल स्वयंपाक करा, त्याने अपाय होत नाही. आणि कारखान्यात एखादे यंत्र तापून बंद पडले असेल, तर पेस्ट लावण्याआधी, बफ फिरवण्याआधी, दिवसाच्या उजेडात त्या रंगांचा फोटो काढून ठेवा आणि शेजारी लिहा : पोलाद कोणत्या जातीचे, किती वेळ तापले, भोवती हवा होती की गॅस की वाफ. पिकलिंग पेस्टला तो थर काढायला तासभरही लागत नाही, आणि एकदा निघाला की पोलाद किती तापले होते हे त्या पृष्ठावरून पुन्हा वाचता येत नाही.